कानिफनाथ बॉयची जीप

कानिफनाथला आवाज दोन. एक छातीतला, तो शेतकऱ्यांसाठी. दुसरा नाकातला, तो साहेब लोकांसाठी. छातीतल्या आवाजात तो म्हणतो, "ए म्हाताऱ्या, तुझ्या उसाचा नंबर लागंल तवा लागंल, आत्ता गप घरी जा." तेवढ्यात बांधाला शेतकी साहेबाची जीप येऊन लागली, की तोच आवाज सरसर वर चढतो, नाकात जाऊन बसतो आणि तिथून बारीक होऊन बाहेर येतो. "होय साहेब, बघून घेतो साहेब, नियमात बसवतो साहेब." मधे श्वास नाही, खाकरणं नाही. हा सांधा गळ्याला जमवायला मला पुष्कळ दिवस लागले. आता पारावर मी तो काढला, की म्हातारे आधी धोतर सावरून उभे राहतात आणि मग मला शिव्या देतात.

कोल्हारात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर त्याला सगळे बॉय म्हणतात. ही शिवी नव्हे, हुद्दा आहे. साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून माणूस असतो. कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार त्याची चिठ्ठी घेऊन सायकलवर शिवारं पालथी घालायची, हे त्याचं काम. कानिफनाथच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, पुढचा एक दात पडला, पण हुद्दा तोच. त्याच्या मागून लागलेली दोन पोरं क्लार्क होऊन पंख्याखाली बसली. "मी फील्डचा माणूस," कानिफनाथ म्हणतो. हे नाकातून.

त्याचं लग्न उशिरा झालं. मध्यस्थानं भोकरदऱ्याला सांगितलं, की मुलगा कारखान्यात साहेब आहे. कानिफनाथ शेजारीच बसला होता. त्यानं होय म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, नुसता गॉगल काढून पुसला. एवढ्यावर मनकर्णा त्याला मिळाली. भोकरदरा म्हणजे वांबोरीचा घाट चढून वर, माळावरचं गाव. तिथल्या लोकांना कारखान्याची चिमणी फक्त स्वच्छ हवेत लांबून दिसते, त्यामुळे कारखान्यातला माणूस त्यांना मोठा वाटतो.

मनकर्णेनं साहेब किती पाण्यात आहे ते आठवड्यातच ओळखलं आणि चकार शब्द बोलली नाही. त्याच्या सायकलच्या कॅरेजवर बसून बाजाराला जायची. वाटेत कुणी "काय बॉय, कुठं?" म्हटलं, की कानिफनाथ कानापर्यंत लाल व्हायचा आणि ही मागं बसून हसायची. बरं चाललं होतं.

मग एकदा तिचा बाप आला. कारभारी त्याचं नाव. पटका बांधलेला, मिशा कानाकडे वळवलेला, एक शब्द बोलायच्या आधी दोनदा थुंकणारा माणूस. जावई सासऱ्याला घेऊन पेठेतून मिरवत होता. समोरून एक बागाईतदार बैलगाडीतून आला आणि गाडीतूनच ओरडला, "ए बॉय, हिकडं ये." आणि आमचा कानिफनाथ, सवयीचा गुलाम, सासऱ्याला रस्त्यात उभा टाकून पळत गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कारभारी लेकीला घेऊन गेला. स्टँडवर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पोरगी सायबाला दिलती. सायेब झाला की न्ह्यायला या. तवर आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका." मी तिथंच भेळ खात होतो. वाक्य संपल्यावर तो थुंकला तेसुद्धा मला येतं.

वर्ष झालं. कानिफनाथ स्वतः भाकरी थापायला लागला. त्या भाकरीला त्याचा शेजारी नकाशा म्हणायचा.

मग सत्तर साली, पोळा होऊन गेल्यावर, कारखान्याचं गळीत सुरू व्हायला अवकाश होता तेव्हा, तो आमच्या तरुण मंडळात आला. आमचं मंडळ म्हणजे सायकलच्या दुकानापुढची एक फळी आणि तिच्यावर बसणारी आम्ही दहा-बारा पोरं. त्यानं गॉगल काढला, पुसला आणि नाकातून जाहीर केलं, "सायकलींची एक लांबची ट्रिप काढायची आहे. वांबोरी घाटातून वर. भोकरदऱ्यापर्यंत."

कुणी हसलं नाही, कारण एलियानं आधीच आमच्याकडे बघून घेतलं होतं. एलिया मिशन कंपाउंडमधला, ब्यांडात ढोल वाजवतो. त्याच्या तोंडावर कधीच हसू येत नाही, म्हणून आमच्यात तो सगळ्यात वाईट.

"भोकरदऱ्याला काय हाय?" एलियानं विचारलं.

"निसर्ग," कानिफनाथ म्हणाला.

"आन् वहिनी."

कानिफनाथनं गॉगल परत घातला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यानं वर निरोप धाडला होता, की मला प्रमोशन मिळालं, आता मी साहेब आहे, येत्या रविवारी बायकोला न्यायला येतो. निरोप गेला होता. आता साहेब दिसायला माणसं हवी होती. हाताखालची दहा-बारा पोरं मागं सायकलींवर, पुढं साहेब, असा तो देखावा. सासऱ्याच्या दारात आम्ही फक्त एकच शब्द बोलायचा होता. साहेब.

"रविवारच का?" बन्सीनं विचारलं. बन्सी आमच्यात सगळ्यात जाड. त्याच्या खाली सायकल दिसत नाही, वाटतं हवेत बसून चाललाय.

"सोमवारी मोडा," कानिफनाथ म्हणाला. "शुभकामाला मोडा नको. सगळा विचार केलाय मी."

मोडा म्हणजे देवाचा वार. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, औत धरायचं नाही. आमच्याकडे तो सोमवारी. सगळा विचार केलाय, हे वाक्य मात्र लक्षात ठेवण्यासारखं होतं.

आमच्या बापांनी परवानगी लगेच दिली. "बॉयला नाराज करू नका," माझा बाप म्हणाला, "आपल्या उसाला तोड लवकर मिळंल." अशी ही ट्रिप घडली. एका माणसाला बायको पाहिजे होती आणि दहा-बारा बापांना उसाची तोड.

तयारी त्यानं अशी केली, की लढाईची करावी. रोज संध्याकाळी प्रवरेच्या पुलाजवळ आम्हाला ओळीनं उभं करायचा. दोघा-दोघांची जोडी. प्रत्येक जोडीत एक पंप, एक जादा ट्यूब, सोल्यूशनची डबी आणि घासायला काचकागद. चेनला तेल, ब्रेकला नवी रबरं. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे उतरा, घाट उतरताना मागचा ब्रेक आधी. एका सायकलीचं अंतर सोडून चाला, समोरच्याच्या पायडलकडे बघू नका, वाटेकडे बघा. हे सगळं बरोबर होतं, तेवढं मी खरं सांगतो. सायकलीतलं त्याला कळतं.

पण शेवटी तालीम असायची. तो पंप बगलेत धरून समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी आता सासरेबुवा. मी विचारतो, हे कोण?"

"साहेब," आम्ही सगळे.

"बॉय," बन्सी.

"बन्सी," कानिफनाथ दटावायचा.

"चुकून गेलं बॉय. म्हंजे सायेब."

मी मागून नाकातला आवाज काढायचो, "नियमात बसत नाही, बन्सी." कानिफनाथ वळून बघायचा. त्याला वाटायचं, आपणच बोललो.

त्याच्या सायकलच्या कॅरेजवर एक गादी आली होती. तांबड्या कापडाची, आत गोधडीचे तुकडे भरलेले, काठाला हातानं घातलेले लांबलांब टाके, खाली नाड्या. आम्ही समजलो, कुणा मूळव्याधवाल्याला मागं बसवून न्यायचंय. एलियानं कापडाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "लुगड्याचं हाय." मनकर्णेचं जुनं लुगडं मागं राहिलं होतं, ते फाडून त्यानं शिवली होती. घाट उतरताना तिला दगड लागू नयेत म्हणून. हे कळल्यावर आम्ही आठवडाभर एकमेकांना गादी विचारत होतो. "तुला गादी पायजे का रे, का धोंड्यावर बसतो?"

रविवारी तांबडं फुटायच्या आत निघालो. राहुरीपर्यंत कानिफनाथ पुढं, गॉगल, फुलपँटला क्लिपा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एका पेनात शाई नव्हती. वांबोरीत चहा झाला. त्यानं चहावाल्याला नाकातून ऑर्डर दिली, तर चहावाला म्हणाला, "सर्दी झाली का पावनं, आलं टाकू?"

घाटाला लागलो आणि शिट्टी दोनदा वाजली. उतरा. आमच्या सायकली म्हणजे काळी लोखंडी धुडं, दूधवाल्यांनी कॅन वाहून वाकवलेली. त्या ढकलत वर न्यायच्या म्हणजे म्हैस जिन्यानं माडीवर नेण्यासारखं. वरून ऊन, खाली गाडीवाट, तीही पावसानं धुऊन नुसते गोटे उघडे पडलेले. बाभळीच्या काट्यानं चार पंक्चर झाली. कानिफनाथ प्रत्येक पंक्चरजवळ उकिडवा बसायचा, थुंकी लावून भोक शोधायचा, घासायचा, फुंकर मारायचा. तेवढा वेळ त्याला आपण साहेब असल्याचा विसर पडायचा आणि आवाज दोन्हीपैकी कुठलाच नसायचा. मग उठून हात पुसायचा आणि पुन्हा नाकात.

बन्सीची चेन वर जाता जाता तुटली. ती काही जोडता आली नाही. बन्सी सायकल ढकलत शेवटी.

माळावर आलो तेव्हा समोर भोकरदरा दिसला. दगडी भिंतींची, वर सपाट मातीच्या धाब्याची घरं, त्यांच्यावर बायका वाळवणं घालून बसलेल्या. कानिफनाथनं आम्हाला थांबवलं. तोंडं धुवायला लावली. जोड्या लावल्या. स्वतः केसांना पाणी लावून भांग पाडला. "आता एकदम ओळीत," तो म्हणाला, "घंटी वाजवत. सगळ्या गावानं वर बघितलं पाहिजे."

शिवेवर शेंदूर फासलेला दगड होता आणि त्याच्याजवळ पिंपरणीच्या झाडाखाली एक म्हातारा काठी घेऊन बसलेला. आम्ही घंट्या वाजवत आलो. म्हातारा उठला आणि काठी आडवी धरली.

"उतरा खाली. आज आयतवार."

"मग?" कानिफनाथ.

"मग काय मग. भैरोबाचा मोडा. शिवंच्या आत चाक फिरत न्हाई. गाडं न्हाई, जातं न्हाई, कुंभाराचं चाक न्हाई, हिरीवरचा रहाट न्हाई. दिवं लागल्यावर फिरवा काय फिरवायचं ते."

"मी या गावचा जावई आहे."

म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग तर तुमाला ठावं पायजे."

प्रत्येक गावाचा देव वेगळा आणि त्याचा वार वेगळा, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कानिफनाथनं आपल्या गावाचा मोडा टाळला आणि सासरवाडीचा गाठला. लग्नाला गेला तो बुधवारी, दिवाळसणाला गेला तो कुठल्यातरी दुसऱ्या वारी. रविवारी कधी गेलाच नव्हता. सगळा विचार केला होता त्यानं.

"दिवे लागेपर्यंत इथंच बसू," मी म्हणालो.

"दिवे लागल्यावर घाट कसा उतरायचा?" कानिफनाथ म्हणाला. ते खरं होतं.

म्हाताऱ्यानंच तोड काढली. "खांद्यावर घ्या. चाक भुईला लागू देऊ नका, झालं."

मग आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. कानिफनाथ आपली सायकल उचलायला वाकला तसा एलिया धावत आला. तोंड प्रार्थनेला बसल्यासारखं. "सायेब, तुमी? आमी मेलो का काय?" आणि आपली सायकल माझ्या दुसऱ्या खांद्यावर टाकून त्यानं साहेबाची सायकल डोक्यावर घेतली. लागू नये म्हणून कॅरेजवरची तांबडी गादी सोडून चुंबळीसारखी डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर सायकल.

"अरे, मी घेतो की," कानिफनाथ म्हणाला. पण म्हातारा बघत होता. कानिफनाथनं हात मागं घेतले आणि पाठीवर बांधले. साहेब बांधतात तसे.

दहा पावलं गेलो नाही तोच म्हातारा ओरडत मागं पळत आला. "फिरतंय, फिरतंय त्ये." बन्सीच्या खांद्यावरचं मागचं चाक वाऱ्यानं गरागरा फिरत होतं. भैरोबाच्या शिवेत चाक हवेतसुद्धा फिरायला नको. मग आम्ही चाकं बांधली. कुणी रुमालानं, कुणी टोपीनं, कुणी करदोड्यानं. एलियानं गादीच्या नाड्या तोडून साहेबाची दोन्ही चाकं बांधली.

असं आमचं लष्कर भोकरदऱ्यात शिरलं. पुढं कानिफनाथ मोकळ्या हातानं, मागं एलिया डोक्यावर सायकल घेऊन, त्याच्यामागं आम्ही खांद्यावर लोखंड घेऊन वाकलेले. घंटी एकही वाजली नाही. धाब्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या. पोरं मागं लागली. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "कुनाची मयत हाय गं, सायकलची?" मला हसू येत होतं, पण दोन सायकलींखाली हसायला छाती फुगत नाही.

मनकर्णा आपल्या धाब्यावर होती. आम्ही वळणावर आलो तशी ती पुढं आली. तिनं कानिफनाथकडे बघितलंच नाही. ती बघत होती एलियाच्या डोक्याकडे, त्या तांबड्या कापडाकडे. मग एकदम शिडीवरून खाली गेली.

कारभारी ओट्यावर बसला होता. त्यानंही मिरवणूक बघितली आणि थुंकायला गेलेलं तोंड तसंच मिटलं.

"या," तो म्हणाला. "घोंगडं टाका रं."

कानिफनाथ बसला. आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि उभे राहिलो. एलिया, डोक्यावर गादी तशीच, टॉवेल घेऊन साहेबाला वारा घालायला लागला. हे तालमीत नव्हतं. मी गूळ-पाण्याचा तांब्या घेऊन आधी स्वतः चाखला आणि मग पुढं केला. हेसुद्धा नव्हतं. कानिफनाथ डोळ्यांनी आम्हाला बास म्हणत होता. पण आता थांबणं आमच्या हातात नव्हतं. इतकं सुंदर चाललं होतं.

"सायेब झाला म्हनं तुमी," कारभारी म्हणाला.

"होय. म्हणजे कसं, प्रमोशन."

"निरोप आला तवा मला पटलं न्हाई. म्हनलं, ह्यो बॉय, ह्याला कोन सायेब करतंय. पन आज बगितलं." कारभारीनं एलियाकडे बघितलं. "ज्याचं वझं दुसऱ्याच्या डोक्यावर, त्यो सायेब. बोलायचं काम न्हाई."

बन्सीनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मागं मी स्टँडवर नाय ते बोललो," कारभारी म्हणाला आणि त्यानं चक्क हात जोडले. "पोटात ठिवू नका."

मी इतका जवळ होतो, की कानिफनाथनं आवंढा गिळला तो मला ऐकू आला. वर्षभराच्या नकाशाच्या भाकरी त्या आवंढ्यात होत्या. आणि तेवढ्यात दारात मनकर्णा आली. काखेत बोचकं, पायात वहाणा. निघायला तयार. तिनं एलियाकडे बघितलं, गादीकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसली. ती कॅरेजवर बसून हसायची तसंच.

संपलं होतं. इथं उठून जोडीनं नमस्कार केला असता तर संपलं होतं.

"पन एक सांगा," कारभारी म्हणाला. "सायेब मानूस सायकलीवर कसा?"

कानिफनाथनं गॉगल काढला. पुसायला लागला. काच एवढी पुसली, की आता फुटते. आणि एलिया, टॉवेल हलवत, चेहरा तसाच, म्हणाला, "जीप हाय की सायबाला. पन तुमच्या घाटात जीपला वाट कुठं हाय? म्हून सायकली."

आमच्यातल्या एकानंही त्याला हे शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं. मी मनात त्याला हात जोडले.

"वाट न्हाई?" कारभारीला राग आला. "इलेक्शनला जेऊरच्या अंगानं जीप आली हुती की. हितं, ह्या वट्याला लागली हुती. सगळा गाव बगायला आलता."

"असं का," एलिया म्हणाला.

"मंग झालं तर." कारभारी मांडीवर हात मारून म्हणाला. "सायबाची बायकू सायकलीच्या कॅरेजवर बसून घाट उतरनार? तेबी आयतवारी, गावातनं पायी चालून, सायकल लोकाच्या डोक्यावर? गाव हसंल मला. जीप धाडा. वाजत-गाजत लावून देतो."

"मी बसते कॅरेजवर," दारातून मनकर्णा म्हणाली. "माजी सवय हाय."

"तू गप. त्यास्नी इचारतोय मी. सायेब, तुमी सांगा. शोबंल का तुमाला?"

कानिफनाथनं आमच्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, ही पोरं काहीतरी बोलून सोडवतील. आम्ही ओळीत उभे होतो, जोडी-जोडीनं, त्यानंच शिकवलं तसे. आणि तालमीतल्यासारखे एका सुरात म्हणालो, "न्हाई शोबनार, सायेब."

मग त्यानं मनकर्णेकडे बघितलं. ती बोचकं सावरून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. बॉय ठाऊक होता, जीप कुणाची ते ठाऊक होतं. त्यानं फक्त चल म्हणायचं होतं. "मी बॉय हाय, बस मागं," एवढंच. पंक्चर काढताना येतो त्या आवाजात. त्याचं तोंड उघडलं. आणि आवाज छातीत नाही, पोटात नाही, सरळ वर चढून नाकात जाऊन बसला.

"नियमात बसत नाही," तो म्हणाला.

"बास," कारभारी खूश झाला. "सायबाचं बोलनं."

"जीप धाडतो."

"कवा?" मनकर्णेनं विचारलं.

"वरून ऑर्डर आली की."

तिनं बोचकं खाली ठेवलं. मग ओट्यावरून उतरून एलियाजवळ आली आणि त्याच्या डोक्यावरची गादी काढून घेतली. उलटसुलट बघितली. एका लांब टाक्यात तिचं बोट अडकलं, ते तिनं सोडवलं. मग गादी कानिफनाथच्या मांडीवर ठेवली.

"न्ह्या परत," ती म्हणाली. "जीपमदी गादी असती, सायेब."

तालमीतला तो एकच शब्द. आमच्यापैकी कुणालाही तो असा म्हणता आला नाही. मी अजून प्रयत्न करतोय.

निघताना एलियानं मान चोळली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, मानेत लचक भरली. आता तुमची तुमी घ्या." कारभारी आत गेला होता, भाकरी बांधून आणायला. म्हणून कानिफनाथनं आपली सायकल स्वतःच खांद्यावर घेतली आणि गादी काखेत. मनकर्णा परत धाब्यावर गेली होती. तिला त्याची पाठ दिसत असणार, वाकलेली, सायकलखालची, बॉयची. त्याला ती दिसली नाही. खांद्यावर सायकल असली की मान मागं वळत नाही.

शिवेवर म्हाताऱ्यानं चाकं सोडू दिली. कानिफनाथनं गादी कॅरेजवर ठेवली. नाड्या तुटलेल्या, म्हणून सुतळीनं बांधली. बन्सीची चेन तुटलेली होती आणि घाट उतरायचा होता. बन्सीनं सायकल आम्हाला दिली आणि जाऊन त्या गादीवर बसला.

"चालंल ना, बॉय?" तो म्हणाला.

कानिफनाथनं पायडलवर पाय ठेवला. एक शिट्टी नाही, दोन नाही. घाटात वळणावळणाला आम्ही मागून आवाज काढत होतो. मी कानिफनाथ, एलिया मनकर्णा. "कवा, सायेब?" "वरून ऑर्डर आली की." वर बघितलं तर खरंच वरून, कड्यावरून, आमचाच आवाज परत येत होता. बन्सी म्हणाला, गादी लई मऊ हाय. वांबोरीपर्यंत तो उतरला नाही.

गळीत सुरू झालं तोपर्यंत शिवारभर नाव बदललं होतं. आता त्याला बॉय कुणी म्हणत नाही. "ओ जीप, आमच्या उसाचं काय?" तो छातीतून उत्तर देतो, पण छाती पूर्वीची राहिली नाही. आमच्या बापाला तोड अजून मिळालेली नाही. संक्रांतीला कारभारीचा निरोप आला. जीप जमत नसेल तर ट्रक चालंल, पण चार चाकं पायजेत, गावाला शब्द दिलाय.

तेव्हापासून कानिफनाथ शेतकी साहेबाच्या ड्रायव्हरच्या मागं लागला. पुंजाराम त्याचं नाव. त्याला गूळ दिला, घरचं तूप दिलं, आता नदीवर त्याच्या वाटणीची जीप हाच धुतो. परवा आम्ही बघायला गेलो होतो. बाया प्रवरेच्या पाण्यात धुणी आपटत होत्या, पलीकडं जीप उभी, आणि कानिफनाथ गुडघाभर पाण्यात, पँट वर खोचून, चाकं घासत होता. मागच्या सीटवर त्यानं तांबडी गादी ठेवून बघितली होती. बसते का ते.

पुंजाराम काठावर बिडी ओढत होता. "नेतो म्हनलं ना तुझ्या बायकूला," तो म्हणाला. "शब्द दिला की दिला. पन एक हाय. सा दिवस सायेब फिरतो. मला जीप मोकळी फक्त आयतवारी."

कानिफनाथचा हात चाकावर थांबला.

मग एलिया उठला, पँट झटकली, आणि प्रार्थनेला बसल्यासारखं तोंड करून काठावरून म्हणाला, "काळजी करू नका, सायेब. आमी हाय की. जीपबी खांद्यावर घिऊ."

कानिफनाथनं वर बघितलं नाही. त्यानं चाक एकदा पुसलं, मग पुन्हा तेच चाक पुसलं.